भेवाचा कटाया

डायलिसिसच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर बेबीबाई इंगळे आधी आपला डावा हात कानाला लावायच्या. मनगट कानाशी, कोपर वर, फोन लावल्यासारखा. दाराशीच उभ्या राहून डोळे मिटून ऐकायच्या, मान हलवायच्या आणि मग चपला काढायच्या. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे. किडन्या गेल्या की रक्तातलं विष मेंदूत चढतं असं मी कुठंसं वाचलं होतं, आणि आता आपलंही असंच होणार म्हणून खाटेवर पडल्या पडल्या घामाघूम झालो होतो.

त्या सरळ माझ्या खाटेशी आल्या. ओळख ना पाळख, माझा डावा हात उचलला, मनगटाच्या वर तळवा ठेवला आणि विचारलं, "बोलते का?"

"काय?"

"हात."

त्यांनी माझाच हात माझ्या कानाला लावला. आत सूं सूं असा आवाज चालला होता, दूर कुठंतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा. "बोलते," त्या म्हणाल्या. "हात बोलते तवर मानूस बोलते. रोज सकाळी उठल्याबरोबर आयकजा. देवाचं नाव मंग घेजा."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यासारख्यांच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या डॉक्टर आतून एकमेकींना जोडून देतात. मग तिथून रक्त जोरात वाहतं, हाताला थरथर लागते आणि कानाला आवाज येतो. त्याच जागी दोन जाड सुया घालून एक दिवसाआड चार तास आमचं रक्त मशीनमधून फिरवून आणतात. त्या हातावर ब्लडप्रेशर घ्यायचं नाही, इंजेक्शन घ्यायचं नाही, ओझं उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. आवाज थांबला म्हणजे आत रक्त गोठलं. मग मानेत नळी घालतात, पुन्हा दुसऱ्या हाताचं ऑपरेशन, आणि तोही हात चालेलच याची कुणी हमी देत नाही. तेव्हा आम्ही लोक मरणाला भितो त्याहून जास्त हात बंद पडण्याला भितो. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. वाटू द्या.

बेबीबाई बार्शीटाकळीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोडी काळी जमीन होती, ती मुलगा दिगंबर पाहायचा. त्या स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आख्ख्या शाळेला पुरेल एवढा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवरून एकट्या उतरवायच्या म्हणे. हाताचं ऑपरेशन झालं आणि गंज उचलणं बंद झालं, पण आवाज शाळेचाच राहिला. आमच्या हॉलमध्येही त्या आम्हाला खिचडीच्या रांगेतली पोरंच समजायच्या. कोण पाणी जास्त पिऊन आला हे वजनकाट्याच्या आधी त्या सांगत. "नामदेवराव, तोंड पाहा आपलं, फुगलं कसं. रात्री टरबूज हानलं न?" मूर्तिजापूरचे नामदेवराव, साठीचे, रिटायर्ड पोस्टमन, ते खाली मान घालून कबूल करत, "एकच फोड होती बाई." "फोड होती का फाड होती?" असं विचारून बेबीबाई आपल्या खाटेवर जायच्या.

माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं अकोल्यात. आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, त्यामुळे स्वभाव कुरकुरा आहे, आणि भित्रा तर जन्मापासून आहे. सुई टोचताना मी भिंतीकडे तोंड करायचो. बेबीबाई शेजारच्या खाटेवरून तेवढा वेळ माझ्याशी बोलत राहायच्या. काय वाटेल ते. हरभरा घाट्यावर आला, सुनेला भाजीत मीठ कळत नाही, दिगंबरची मोटरसायकल पेट्रोल फार खाते. "मरन फुकट हाये भाऊ, जगनं पेट्रोलवर हाये," असं त्या म्हणाल्या की सुई आत गेलेली असायची. मला त्या बाईची सवय लागली होती, हे साफ सांगतो. त्या एखाद्या दिवशी नसल्या की माझं बीपी वर जायचं.

मग ते कोरोनाचं आलं. जग घरात बसलं, पण आम्हाला घरात बसायची सोय नव्हती. एक दिवसाआड घराबाहेर पडायचं, आणि पडायचं ते सरळ दवाखान्यात, म्हणजे जिथं तो आजार बसलेला तिथंच. माझी बायको मला रिक्षातून आणायची, परत गेल्यावर अंगणातच कपडे काढायला लावायची, आणि मी आंघोळ करून येईपर्यंत दाराची कडी साबणाने धुऊन काढायची. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची काळजी होती आणि माझीच भीतीही होती. मला दोन्ही दिसायच्या. तिला दोष कसा देणार, मलाही माझी भीती वाटायची.

बेबीबाई दिगंबरच्या मोटरसायकलवर बार्शीटाकळीहून यायच्या. एकदा शहराच्या तोंडाशी नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पास कुठे आहे म्हणून विचारलं. पास काढलेला होता, पण दिगंबर तो घरीच विसरला होता, आणि पोलिसाच्या हातात काठी. बेबीबाई खाली उतरल्या. त्यांनी पोलिसाचा हात धरून आपल्या मनगटाच्या वर ठेवला आणि म्हणाल्या, "हा घ्या पास." पोलिसाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "करंट आहे का बाई आत?" "करंटच हाये. अदून मदून अकोल्याले चार्जिंगले न्या लागते." तो हसला आणि त्याने सोडलं. पुढं तर तोच लांबून ओरडून विचारायचा, "काकू, चालू आहे ना?" आणि त्या मागच्या सीटवरून हात वर करून दाखवायच्या. हा किस्सा त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितला की शेवटी आम्हीच त्यांना सांगू लागलो.

पण हॉलमधलं वातावरण बदललं होतं. टेक्निशियन मुलं पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात यायची, चेहरे दिसायचे नाहीत, कोण सुई घालतंय ते आवाजावरून ओळखायचं. कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या, आणि खोकणारा माणूस आपणहून सांगायचा, "ठसका लागला, ठसका." खाटा अधूनमधून रिकाम्या होऊ लागल्या. पहिल्या वेळी मी विचारलं, "हे कुठे गेले?" बेबीबाई पटकन म्हणाल्या, "गावाले गेले." मला कळलं. मग हॉलचा तोच रिवाज झाला. खाट रिकामी दिसली की कुणीतरी म्हणायचं, गावाले गेले, आणि तो विषय तिथंच संपायचा. असं एकेक जण गावाला जात राहिलं.

थंडीत जरा उतार पडला. आम्ही जीव मुठीत धरून का होईना वर्ष काढलं म्हणून एकमेकांना शाबासकी देत होतो, तर फेब्रुवारीत आमच्याकडे, अमरावती-अकोल्याकडे, पुन्हा सुरू झालं. बाकी महाराष्ट्र लग्नं लावत होता आणि आमच्याकडे दुकानांची शटरं पडली होती. या खेपेला मात्र बेबीबाई पहिल्यासारख्या नव्हत्या. डायलिसिसच्या एका पाळीला त्या आल्याच नाहीत. पुढच्या पाळीला आल्या त्या सुजून आल्या. पायाला बोट लावलं की खड्डा पडत होता, दम लागत होता, आणि मास्क हनुवटीखाली. दारात उभं राहून हात ऐकणंही नाही. मी रागावलोच. म्हटलं, "बेबीबाई, परवा कुठे होत्या? आणि तोंडावर घ्या ते."

"कटाया आला," त्या म्हणाल्या.

कंटाळ्याला आमच्या भागात कटाया म्हणतात. पण त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कशाचा कटाया?"

"साऱ्याचा. उठा, हात आयका, वजन करा, पानी मोजून प्या, गोया खा, अन् वरून तोंड बांधा. डवऱ्याच्या बैलालेही मुसकं बांधते भाऊ, पिकात तोंड घालू नये म्हनून. पन त्याचं सांजेले सोडते. आपलं कोन सोडते?" मग छताकडे पाहत, "वर्षभर भेलो. पोलिसाले भेलो, खोकल्याले भेलो, नातू जवळ आला त त्यालेही भेलो. आता मले भेवाचाच कटाया आला."

मी पुष्कळ ऐकलं त्या काळात. टीव्हीवर डॉक्टर बोलायचे, मंत्री बोलायचे. पण आम्हाला काय झालं होतं ते या एका वाक्याइतकं कुणी नीट सांगितलं नाही. माणूस भिऊन भिऊन थकतो, आणि थकला की काळजी घ्यायचं सोडून देतो. तो शूर झालेला नसतो. मी त्यांच्यावर आणखी रागावलो, कारण त्या भ्यायच्या थांबल्या म्हणून मीच दुप्पट भ्यायलो होतो.

लस आली ती याच दिवसांत. डॉक्टर हॉलमध्ये येऊन मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, तुम्ही सगळ्यांनी घ्यायची, सगळ्यात आधी तुम्ही घ्यायची, कारण तुम्हाला जर का झाला तर... पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. नामदेवराव पोस्टमन, सरकारी हुकूम पाळायची त्यांना सवय. ते लगेच गेले आणि घेऊन आले. त्यांना ताप आला. आणि दोन दिवसांनी त्यांचा हात बंद पडला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तापात नामदेवरावांनी पोटात अन्न घेतलं नव्हतं, वरून बीपीची गोळी मात्र न चुकता घेतली, प्रेशर एकदम खाली गेलं, आणि गुंगीत ते त्याच हातावर रात्रभर झोपले. हात त्याने गेला. लसीने नाही. डॉक्टर दोनदा बोलले, तिसऱ्यांदा चिडून बोलले. पण आम्ही डॉक्टरांचं तोंड पाहतच नव्हतो. आम्ही नामदेवरावांच्या मानेतली नळी पाहत होतो. कानाखाली टाके घातलेली, दोन तोंडं बाहेर लोंबणारी, पट्टीत गुंडाळलेली. ते मान वळवायचे तर सगळं अंग वळवायचे.

त्यानंतर हॉलमधला एकही माणूस लस घ्यायला गेला नाही. नाही असं कुणी म्हटलं नाही. आम्ही सगळे सभ्य लोक. कुणाचा मुलगा पुण्याहून यायचा होता, कुणाला थोडा कफ होता, कुणी पुढच्या आठवड्यात नक्की जाणार होतं. मी सांगायचो की माझी शुगर जरा चढलेली आहे. खरी गोष्ट अशी की मला दोन्हीकडून भीती वाटत होती. न घ्यावी तर कोरोना, घ्यावी तर मानेत नळी. रोज ठरवायचो उद्या जाऊ, आणि उद्या उजाडला की बायकोला म्हणायचो, आज ऊन फार आहे.

बेबीबाई नाही म्हणायला कुणाच्या बापाला भीत नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "साहेब, लस घेऊन मरीन असं नाही म्हनत मी. मरनाचं काय, थे कुठूनही येते. हात बंद पडला त काय करू?" डॉक्टर म्हणाले, "नाही पडणार." "लिहून देता?" डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. आम्हा सगळ्यांच्या मनातलं बोलल्याबद्दल आम्ही तेव्हा बेबीबाईंवर खूश झालो.

समोरच्या खाटेवर कोकाटे मॅडम असायच्या. गणिताच्या शिक्षिका, मितभाषी बाई, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका पाळीला त्या आमच्यासोबत होत्या, आपल्या घरचा डबा झाकणात वाढून खात होत्या. पुढच्या पाळीला खाट रिकामी. टेक्निशियन मुलगा त्यांची चादर काढत होता आणि काही बोलत नव्हता. आम्ही बेबीबाईंकडे पाहिलं. त्यांनी म्हणायला हवं होतं, गावाले गेल्या. त्या म्हणाल्याच नाहीत. मशीनची चाकं फिरण्याचा तेवढा आवाज येत राहिला. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटली नाही.

चार तास संपत आले तेव्हा बेबीबाई उठून बसल्या. "मी घेतो पहिले," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायाही घेतो, जातोच म्हणतात. "उद्या जातो अन् घेतो. दोन दिवसानं पाळीले येईन, तवा तुमी सारे माह्या हाताले हात लावून पाहजा. बोलला त गुपचूप जाऊन तुमीही घेजा. मंग कोनाचा पोरगा पुन्याहून येनार हाये थे मी आयकनार नाही."

"आणि नाही बोलला तर?" मी विचारलं.

"नाही बोलला त मी अन् नामदेवराव माना वयवून वयवून एकमेकाले पाहू."

नामदेवरावसुद्धा हसले. आणि आम्ही, आठ-दहा शिकली-सवरली माणसं, एका खिचडी शिजवणाऱ्या बाईने आधी विस्तवात हात घालून पाहावा यावर खुशाल राजी झालो.

दोन दिवसांनी त्या वेळेवर आल्या नाहीत. आमच्या सुया घालून झाल्या, मशीनं सुरू झाली, त्यांची खाट रिकामी. मी दाराकडे पाहत पडलो होतो. डोळा काढवत नव्हता. सगळेच तिकडे पाहत होते. मनात नको नको ते आलं. शेवटी त्या आल्या. मास्क नाकावर नीट ओढलेला. दारात उभ्या राहून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि म्हणाल्या, "घेतली."

मग त्या खाटेखाटेशी गेल्या. प्रत्येकाच्या मोकळ्या हाताखाली त्यांनी आपला डावा हात दिला. मी तळवा ठेवला. थरथर लागली, पहिल्यासारखी, जोरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी प्रश्नांचा नुसता भडिमार केला. ताप आला का? आला न, रात्रभर फणफणलो. कोणत्या हातात दिली? उजव्या. दुखते का? ठनकते. जेवण गेलं का? पेज पेलो. नामदेवरावांनी विचारलं, "गोळी घेतली होती का बीपीची?" त्या जरा खेकसूनच म्हणाल्या, "किती इचारता हो, आता सुया घालू द्या मले." अशक्तपणाने चिडल्या असतील असं मला वाटलं.

हॉलमधून पहिला नंबर माझा लागला. बाकीच्यांचे त्या आठवड्यात पुढे लागणार होते. महानगरपालिकेच्या शाळेत केंद्र होतं, पटांगणात मांडव घातलेला. खुर्चीवर बसलो, सिस्टरने सुई काढली, आणि इतक्या वर्षांची सवय, सुई दिसल्याबरोबर मी डावा हात पुढे केला. शर्टाची बाही सुद्धा वर केली. मागून बायकोने हात असा ओढला की मी खुर्चीसकट फिरलो. "बह्याड झाले का," ती चारचौघांत ओरडली. सिस्टर हसली. उजव्या दंडात टोचलेलं मला कळलंही नाही.

संध्याकाळी ताप चढला. मी पलंगावर हात कानाला लावून बसलो. आवाज येत होता, पण मला तो मघापेक्षा बारीक वाटत होता, मग पुन्हा मोठा वाटत होता. बायको म्हणाली, सारखं काय ऐकता, त्याचीही दृष्ट लागेल. शेवटी राहवलं नाही म्हणून मी बेबीबाईंना फोन लावला. म्हटलं, "ताप आला आहे. तुम्हालाही असंच झालं होतं ना? आवाज बारीक वाटला होता का मध्ये?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी घेतलीच नाही."

मला आधी समजलंच नाही. त्या हळू आवाजात, बहुतेक घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, सांगत गेल्या. गेल्या होत्या खऱ्या. दिगंबरला फाटकाबाहेर उभं करून आत गेल्या. नंबर आला, खुर्चीवर बसल्या. "सिस्टरनं सुई भरली अन् मले नामदेवरावच्या मानेतली नयी दिसली. अशी डोयासमोर. मी म्हटलं, बाई, लघवीले जाऊन येतो. अन् जे उठलो थे मागच्या दारानं बाहेर." वर म्हणाल्या, "सात जन्मात लघवी होत नाही मले, अन् बहाना सुचला त थोच."

किडन्या गेलेल्या माणसाला लघवी होत नाही. आमच्यातल्या कुणालाच होत नव्हती. हसू यायला हवं होतं. मला आला तो संताप. "मग आम्हाला काहून सांगितलं घेतली म्हणून? तो ताप? ती पेज?"

"ताप नामदेवरावचा सांगतला." मग त्यांचा आवाज बदलला. "दारात आलो त तुमी सारे माह्याकडे पाहून राहिले होते, भुके पोट्टे गंजाकडे पाहते तसे. काय सांगू तुमाले? पयून आलो म्हनू? मी पयालो म्हटलं असतं त एकानंही घेतली नसती. कोकाटे मॅडमसारखे सारे गेले असते एकेक." आणि शेवटी, "तुमीच खरे पहिले आहा भाऊ. तुमचा बोलला त मी घेतो. आईची आन."

फोन ठेवला. मी आधी पेज करायला लावली आणि प्यायलो, डॉक्टरांना विचारून बीपीची गोळी टाळली, आणि डाव्या हाताखाली उशी ठेवून रात्रभर उताणा पडलो. बायकोला बोललो नाही. हॉलमधल्यांनाही फोन केला नाही. त्यांच्यासाठी बेबीबाईंचं झालेलं होतं आणि सगळं ठीक होतं.

पुढच्या पाळीला मी गेलो तेव्हा बेबीबाई माझी वाट पाहत दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घेतला, स्वतःच्या कानाला लावला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ मास्कच्या आत हलत होते. "बोलते," त्या म्हणाल्या. "लय चांगलं बोलते."

"आता जा तुम्ही," मी दातओठ खाऊन म्हटलं. "उद्याच्या उद्या."

"जातो."

आणि त्या गेल्याही. पण तोवर लस संपली होती. केंद्रावर फळ्यावर लिहून ठेवलं होतं, साठा उपलब्ध नाही. पुन्हा गेल्या, तेव्हा थोडी आली होती, ती पहाटेपासून रांगेत बसलेल्यांना पुरली. दिगंबरला वाटत होतं आईची पहिली झालेली आहे, दुसरीला वेळ आहे, म्हणून तो पेरणीपूर्व कामात गुंतला होता, आणि त्याला खरं सांगायची त्यांना लाज वाटत होती. त्या एकट्या ऑटोने जायच्या आणि यायच्या. तिकडे आमच्या हॉलमधल्या एकेकाची लस होत गेली. सगळे येऊन बेबीबाईंचे आभार मानायचे. त्या म्हणायच्या, "बरं बरं, झोपा आता." मी भिंतीकडे पाहायचो.

मग त्या पाळीला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दिगंबरचा फोन आला, आईला कोविड वॉर्डात ठेवलं आहे, डायलिसिसही तिथंच करणार आहेत. "काका, लस घेऊनही कसं झालं हो?" तो विचारत होता. मी त्याच्याकडून वॉर्डाचा नंबर विचारून घेतला.

दोन दिवसांनी त्यांनी वॉर्डातून स्वतः फोन केला. प्रत्येक दोन शब्दांनंतर श्वास घेत होत्या. मागं कुठलंसं यंत्र सारखं वाजत होतं. म्हणाल्या, "भाऊ, कटाया गेला. भेव वापस आलं. लय भेव लागून राहिलं." मी म्हटलं, बोलू नका, बऱ्या होऊन या. त्यांनी ऐकलं नाही.

"साऱ्यायची झाली?"

"पहिली झाली."

"दुसरी?"

"व्हायची आहे. तुम्ही आल्यावर जाऊ सगळे."

"आयका. मी गेलो, त सारे म्हनतीन, बेबीबाई लस घेऊनही गेली. मंग दुसरी कोनी घेनार नाही. तुमी सांगजा त्यायले. घेतली नव्हती म्हना. पयून आली होती म्हना." मी म्हटलं, तुमची बदनामी मी करणार नाही. त्यावर त्या चिडल्या, तेवढ्या दमातही चिडल्या. "माह्या बदनामीचं काय लोनचं घालता का? सांगजा. दिगंबरलेही सांगजा."

तिसऱ्या दिवशी बेबीबाई गेल्या.

हॉलमध्ये मी त्या दिवशी शिरलो तेव्हा बातमी पोचलेली होती. त्यांच्या खाटेवर स्वच्छ चादर घातलेली. कुणी गावाले गेल्या म्हटलं नाही. मशीनं सुरू झाल्यावर पलीकडून कुणीतरी हळूच बोललं, "लस घेऊनही गेल्या. नामदेवरावांनंतर सगळ्यात आधी घेतली होती त्यांनी." दुसरा म्हणाला, "मग काय उपयोग तिचा. मी तर आता दुसरी घेत नाही." नामदेवराव सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहत होते. बेबीबाईंना हे सगळं आधीच, फोनवर श्वास लागत असताना, दिसलं होतं.

मी उठून बसलो. हातात सुया होत्या, बसणं नीट जमत नव्हतं. चारचौघांत बोलायची मला आयुष्यभर भीती वाटत आली आहे. मी म्हटलं, "बेबीबाईंनी लस घेतली नव्हती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"घ्यायला गेल्या होत्या. खुर्चीवर बसल्या होत्या. भ्यायल्या आणि पळून आल्या. आपण घ्यावी म्हणून आपल्याला खोटं सांगितलं. नंतर घ्यायला गेल्या तर संपली होती. मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि तुम्हाला सांगायला सांगितलं." पुढचं सांगावं की नाही मला कळेना, पण सुरू केलंच होतं. "सिस्टरला म्हणाल्या, लघवीला जाऊन येतो."

मग नामदेवरावांच्या खाटेवरून आवाज आला, "लघवीले?"

"हो."

"बेबीबाई?"

"हो."

नामदेवराव हसू लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. मानेची नळी दुखत होती म्हणून ती एका हाताने धरून ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग कोपऱ्यातला एक जण हसला, मग दुसरा, मग सगळा हॉल. वर्षानुवर्षं थेंबभर लघवी न झालेली आम्ही माणसं सुयांमध्ये अडकलेले हात सांभाळत रडत होतो आणि हसत होतो. टेक्निशियन मुलगा धावत आला, त्याला वाटलं कुणाचं प्रेशर गेलं.

हसणं थांबायला बराच वेळ लागला. नामदेवरावांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग ते सगळं अंग माझ्याकडे वळवून म्हणाले, "भाऊ, दुसरी कवा घेऊन राहिले तुमी?"

"भीती वाटते आहे," मी म्हटलं. "पण तारीख आली की जातो."

"मलेही लागून राहिलं भेव," ते म्हणाले. "सांगजा. मी येतो संगं."